दुसऱ्याच्या पाठीवरचं बिऱ्हाड

ऑक्टोबर २०१५ मध्ये फियाटने भारतात एक गाडी बाजारात आणली. दुरून ती नेहमीची पुंटोच वाटे: पाच दारं, चार मीटरच्या आतली लांबी, मागच्या सीटवर दोन मुलं आणि आजी बसेल एवढी जागा. जवळ गेल्यावर मात्र लाल पट्टे दिसत, चारही चाकांना डिस्क ब्रेक दिसत, आणि बॉनेटवर फियाटच्या नावाऐवजी पिवळ्या-लाल ढालीतला विंचू दिसे. आत १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं. साध्या १.२ लिटर पुंटोचं इंजिन ६८ अश्वशक्तीचं होतं, हे १४५ अश्वशक्तीचं. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ८.८ सेकंदांत गाठते, असा कंपनीचा दावा होता. किंमत दिल्लीत एक्स-शोरूम ९ लाख ९५ हजार. दहा लाखांच्या आत एवढी ताकद देणारी दुसरी हॅचबॅक तेव्हा देशात नव्हती. गाडीचं नाव अबार्थ पुंटो आणि तिचा कारखाना पुणे जिल्ह्यात, रांजणगावला.

१ एप्रिल २०२० उजाडायच्या आतच ही गाडी विक्रीच्या यादीतून गेलेली होती. आजही जुन्या गाड्यांच्या बाजारात ती कुठे दिसली, तर तिला ओळखणारी माणसं थांबून विचारपूस करतात. मग एवढी लाडकी गाडी बंद का पडली? या प्रश्नाचं घाऊक उत्तर ठरलेलं आहे: ‘खपली नाही.’ ते खोटं नाही, पण त्याने फारसं काही कळत नाही. वेगवान गाडी कुठेच फार खपत नसते. जगभरातल्या कंपन्या हे माहीत असूनही ती बनवतात, आणि कधी कधी मागणी असतानाही ती बंद करतात. तेव्हा खपाच्या अलीकडचं आणि पलीकडचं काही पाहायला हवं.

काटेकोर माणसं इथेच अडवतील. स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दारं, दोन सीट आणि जमिनीला टेकलेलं बूड. पाच दारांची पुंटो त्यात बसत नाही, हे मान्य. पण ज्या देशात कार ही आधी घराची आणि मग चालवणाऱ्याची असते, तिथे वेगाची हौस अशाच वेषात येते. आणि बंद पडण्याची कारणं पुंटोला आणि दोन कोटींच्या गाडीला बरीचशी तीच असतात.

विंचू आला कुठून, ते आधी सांगतो. कार्ल अबार्थ हा व्हिएन्नात १५ नोव्हेंबर १९०८ रोजी जन्मला. रास वृश्चिक, म्हणून बोधचिन्ह विंचू. १९४९ मध्ये त्याने इटलीत कंपनी काढली. त्याची युक्ती साधी होती: स्वतः अख्खी गाडी बनवण्याच्या फंदात न पडता फियाटची स्वस्त छोटी गाडी घ्यायची, तिचं इंजिन, सायलेन्सर, चाकं, सस्पेन्शन यांवर हात फिरवायचा आणि ती शर्यतीत उतरवायची. लोक रोज ज्या गाडीतून भाजी आणत, तीच गाडी रविवारी चषक आणायची. १९७१ मध्ये फियाटने ही कंपनी विकतच घेतली. २००७ मध्ये अबार्थ हे नाव फियाटने नव्याने पुढे आणलं, आणि त्याच वर्षी युरोपात अबार्थ ग्रांदे पुंटो आली. भारतातली गाडी ही तिचीच धाकटी बहीण.

आपल्याकडे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. या विंचवाचं बिऱ्हाड पाठीवरच होतं, पण दुसऱ्याच्या. अबार्थची दारं, काचा, सीटा, वायरिंग, डॅशबोर्ड, गाडीचा सांगाडा, हे सगळं पुंटोचं. त्या सगळ्याचे साचे, चाचण्या, पुरवठादारांशी करार यांचा खर्च साध्या पुंटोने उचललेला. म्हणून तर दहा लाखांत १४५ अश्वशक्ती देणं परवडलं. आणि म्हणूनच ज्या दिवशी पुंटो जाईल, त्या दिवशी अबार्थही जाणार हे जन्मतःच ठरलेलं होतं. वेगवान गाडी चांगली की वाईट, याचा निकाल लागायच्या आधी तिच्या खालच्या साध्या गाडीचा निकाल लागतो. या प्रकरणात सांगायचं ते मुख्यतः एवढंच आहे. बाकी सगळा तपशील, पण तपशील मजेदार आहे.

पुंटोचंच आयुष्य पाहा. ग्रांदे पुंटो २००५ मध्ये आली. रेखाटन जॉर्जेटो जुजारो यांचं, आणि ते इतकं जमलेलं की आजही जुनं वाटत नाही. त्या वर्षी युरो एनकॅपच्या अपघात चाचणीत तिला पाच तारे मिळाले. २०१७ च्या डिसेंबरमध्ये त्याच संस्थेने जवळजवळ तीच गाडी पुन्हा तपासली आणि शून्य तारे दिले. शून्य मिळवणारी ती युरो एनकॅपच्या इतिहासातली पहिलीच गाडी. बारा वर्षांत पत्रा पातळ झाला नव्हता. परीक्षा बदलली होती. पादचाऱ्याचा बचाव, आपोआप लागणारे ब्रेक, हे सगळं एकूण गुणपत्रिकेत आलं होतं आणि पुंटो जुन्याच अभ्यासक्रमावर बसली होती. इटलीतल्या मेल्फीच्या कारखान्यातलं तिचं उत्पादन ऑगस्ट २०१८ मध्ये थांबलं. आता मूळ घरच बंद झाल्यावर रांजणगावात पुंटोसाठी नवे साचे, नव्या चाचण्या कोण करणार?

त्यात रांजणगावला तोवर दुसरं काम मिळालं होतं. २०१७ च्या जून महिन्यात तिथे जीप कंपासचं उत्पादन सुरू झालं, जुलैअखेर ती १४ लाख ९५ हजारांपासून विक्रीला आली आणि चांगली चालली. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या इतर देशांनाही तिथून कंपास जाऊ लागली. कारखानदाराच्या जागी बसून बघा. त्याच छपराखाली, त्याच कामगारांच्या हातून पंधरा-वीस लाखांची जीप निघत असेल, तर महिन्याला मूठभर खपणाऱ्या पुंटोवर कोण वेळ घालवील? विक्रीची बाजू तर आधीच विस्कटली होती. काही वर्षं फियाटच्या गाड्या टाटांच्या दुकानांतून विकल्या जात. २०१२ मध्ये ती सोयरीक सैल करायचं ठरलं आणि फियाटला आपली दुकानं नव्याने मांडावी लागली. गिऱ्हाइकाला इंजिनाचं कौतुक असे, पण दुकान टिकेल का याची खात्री नसे.

आता कर. इथे जरा थांबू, कारण आपल्याकडच्या वेगवान छोट्या गाड्यांना सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल तर एका रेषेने.

२००६ च्या अर्थसंकल्पात ‘छोटी कार’ म्हणजे काय ते ठरवलं गेलं: लांबी चार मीटरपर्यंत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. या चौकटीत बसणाऱ्या गाडीचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. हेतू चांगला होता. गर्दीच्या शहरांत छोटी, कमी तेल पिणारी गाडी स्वस्त व्हावी. परिणाम असा झाला की कंपन्यांच्या आराखड्यांत अभियंत्याच्या आधी करसल्लागाराची पट्टी फिरू लागली. सेडानचं बूड कापून तिला चार मीटरच्या आत बसवण्याचा एक खास भारतीय प्रकार यातूनच जन्मला. मारुतीच्या पेट्रोल स्विफ्टमधलं १.३ लिटरचं इंजिन २०१० मध्ये जाऊन १.२ लिटरचं आलं, त्यालाही ही रेषा कारण होतीच.

वेगवान हॅचबॅकचं सगळं गणितच छोट्या शरीरात मोठं इंजिन बसवण्याचं असतं. रेषेला नेमकं तेच खपत नव्हतं. अबार्थ पुंटोचं इंजिन १३६८ सीसीचं. लांबी चौकटीत, पण इंजिन १६८ सीसीने बाहेर. २०१५ मध्ये छोट्या कारवर साडेबारा टक्के उत्पादनशुल्क होतं, या गाडीवर २४. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा छोट्या पेट्रोल कारवर २८ टक्के कर आणि एक टक्का उपकर लागला. चौकटीबाहेरच्या मध्यम गाडीवरचा उपकर आधी १५ आणि सप्टेंबरपासून १७ टक्के. म्हणजे २९ विरुद्ध ४५. सप्टेंबर २०२५ मध्ये दर पुन्हा बदलले, छोट्या गाडीला १८ आणि बाकीच्यांना ४०. दर हलले, पण १२०० सीसी आणि चार मीटरची रेषा जागची हलली नाही. पेट्रोल किती जळतं किंवा धूर किती निघतो, यापेक्षा सिलिंडरचं माप किती, यावर कर ठरवणं हे माझ्या मते या धोरणाचं सगळ्यात दुबळं अंग. त्याने तेलाची बचत किती झाली ते राहू द्या, निवड मात्र नक्कीच आखडली.

कर कुणाला माफ आणि कुणाला नाही, यावर कोणाचा माल वाटेला लागेल हे ठरणं कोकणाला नवं नाही. सिंधुदुर्गाच्या उत्तर वेशीवरचं खारेपाटण हे एके काळचं बंदर. दक्षिण कोकणच्या शिलाहारांचं बलिपट्टण ते हेच, असं मानतात. शिलाहार राजा रट्टराजाचा शके ९३० चा ताम्रपट इथलाच. इथेच सापडलेला दुसरा ताम्रपट उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी अनंतदेवाचा, शके १०१६ चा. त्यात मंत्रिपदावरच्या दोन व्यापारी भावांच्या मालवाहतुकीला श्रीस्थानक, शूर्पारक, चेमुली, म्हणजे आजचं ठाणं, सोपारा, चौल, आणि इतर बंदरांत जकात माफ केलेली आहे. नऊशे वर्षांपूर्वी सवलत नावाने दिली जाई, आता ती सीसीने दिली जाते. या भावांचा शेजारी व्यापारी कितीही हुशार असला तरी बंदरात शिरतानाच तो मागे पडत असणार.

रेषेचा जाच ओळखून तिच्या आत राहूनच वेग देण्याचा एक प्रयत्न टाटा मोटर्सने केला. कोइम्बतूरच्या जेयेम ऑटोमोटिव्ह्जबरोबर त्यांनी निम्म्या-निम्म्या भागीची कंपनी काढली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये टियागो जेटीपी व टिगॉर जेटीपी आणल्या. इंजिन नेक्सॉनचं, १.२ लिटर टर्बो, ११४ पीएस. माप १२०० सीसीच्या आत, म्हणून कर कमी, म्हणून टियागो जेटीपीची सुरुवातीची किंमत ६ लाख ३९ हजार. हिशेब चोख होता. तरी २०२० मध्ये हा प्रयोगही आवरला. कराची रेषा ओलांडली नव्हती, तरी धुराची रेषा समोर आली.

ती धुराची रेषा म्हणजे भारत स्टेज सहा. देश बीएस-चार वरून पाचवी पायरी गाळून थेट सहाव्यावर गेला. तारीख १ एप्रिल २०२०. त्यानंतर बीएस-चार गाडी विकायची नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०१८ चा आदेश होता. बीएस-सहा पाळणं टर्बो पेट्रोल इंजिनाला अशक्य नाही. युरोपात ते होतच होतं. अडचण पैशांची, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

इंजिन नव्या निकषात बसवायचं म्हणजे उत्प्रेरकाची म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची रचना बदलायची, इंधन केव्हा आणि किती सोडायचं याचं संगणकातलं गणित नव्याने मांडायचं, उन्हात, थंडीत, घाटात, उंचीवर हजारो किलोमीटर गाडी पळवून ते तपासायचं, आणि मग सरकारमान्य प्रयोगशाळेतून, पुण्यात एआरएआय आहे तशा, प्रमाणपत्र घ्यायचं. हा खर्च गाडी शंभर विका की लाख विका, जवळपास तेवढाच. समजा, निव्वळ हिशेबासाठी, तो वीस कोटी धरला. वर्षाला लाखभर खपणाऱ्या गाडीवर तो एका वर्षात दोन हजार रुपये पडतो. पाचशे खपणाऱ्या गाडीवर चार लाख. दहा लाखांच्या गाडीची किंमत चौदा लाख झाली, तर ती ज्या कारणासाठी घेतली जात होती ते कारणच संपतं. नियम प्रत्येक गाडीला सारखाच असतो, पण तो मोजक्या गाडीला जास्त बोचतो.

पुंटोच्या बाबतीत हे दुहेरी घडलं. फियाटचं गाजलेलं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल, ज्याच्या जिवावर स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत निम्मा देश पळाला, तेही बीएस-सहाच्या उंबऱ्यावर थांबलं. घरातला कर्ताच थांबल्यावर हौशी भावाचं काय होणार? सुरक्षिततेचे नियमही त्याच सुमारास येऊन थडकले: १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, पट्ट्याची सूचना, मागचे सेन्सर आणि वेगाची सूचना, ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेलांनाही धडक चाचणी. वेगाची सूचना म्हणजे ताशी ८० ओलांडली की गाडी टुणटुण करणार आणि १२० नंतर थांबणारच नाही. विंचवाच्या गाडीला ही शाळेची घंटा कशी वाटली असती, हे पाहायची वेळच आली नाही.

आता रस्ता. कारखान्याच्या आणि सरकारच्या कारणांनी गाडी बंद होते हे खरं, पण ती मुळात का कमी खपली याचं उत्तर रस्त्यावरच मिळतं. पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा मुंबई-गोवा महामार्ग राजापूर सोडून सिंधुदुर्गात शिरतो तो खारेपाटणला. इथून पुढचा चौपदरी काँक्रीटचा रस्ता रायगड-रत्नागिरीच्या मानाने लवकर पुरा झाला. गणपतीला येणारा चाकरमानी माणगाव-महाडपासून खड्ड्यांत आणि वळणरस्त्यांवर हाडं खिळखिळी करून इथवर पोचतो आणि इथे पहिल्यांदा चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये निवांत बसतो. अबार्थसारखी गाडी इथे खुलते, यात शंका नाही. पण ती इथवर आणायची कशी? तिचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर, साध्या पुंटोपेक्षा चांगलाच खाली. चार माणसं, मखराचं सामान आणि परतीला तांदळाचं पोतं असेल, तर गावागावातल्या बेहिशेबी उंच गतिरोधकांवर तिचं पोट घासणारच. खारेपाटणहून भुईबावडा घाटाने गगनबावड्याकडे चढायचं म्हटलं, तर वळणं या गाडीसाठीच काढल्यासारखी आहेत, पण पावसाळ्यानंतर त्याच वळणांवर खडी पसरलेली असते.

गावातल्या मिस्त्रीकडे अशी गाडी नेली की तो बॉनेट उघडून कौतुकाने पाहील आणि दोनच प्रश्न विचारील: ‘ॲव्हरेज कितको देता?’ आणि ‘पार्ट खंय गावतले?’ पहिल्याचं उत्तर मालकाला देववत नाही. दुसऱ्याचं उत्तर कोणालाच देता येत नाही. कंपनीचं वर्कशॉप मोठ्या शहरात. टर्बो बिघडला तर गाडी टो करून घाट चढवायची. म्हणून कोकणातला, आणि खरं तर कुठल्याही तालुक्याच्या गावातला शहाणा माणूस दहा लाख हातात असले की उंच, दणकट, कुठेही दुरुस्त होणारी गाडी घेतो. २०१५ नंतरच्या दहा वर्षांत देशभर एसयूव्हीची लाट आली ती जाहिरातींनी आणलेली नाही, असं माझं मत आहे. ती रस्त्यांनी आणली. चाकणला याचाच दुसरा अंक झाला. फोक्सवॅगनच्या तिथल्या कारखान्यात २००९ च्या अखेरीपासून पोलो बनत होती, तिची १.२ लिटर टर्बोची जीटी आवृत्ती तरुणांची फार लाडकी, एकूण पोलो तीन लाखांच्या आसपास विकल्या गेल्या. तरीही २०२२ मध्ये ७०० गाड्यांची निरोपाची ‘लेजंड’ आवृत्ती काढून कंपनीने ती थांबवली आणि टायगुन, व्हर्टस या नव्या सांगाड्यावरच्या गाड्यांना जागा दिली. साधी पोलो गेली, तिच्याबरोबर जीटी गेली.

मग साध्या गाडीचा आधारच न घेता, थेट स्पोर्ट्स कार काढली तर? दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंतीने ते करून पाहिलं. २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती दिसली, काही वर्षांनी रस्त्यावर आली. मधोमध इंजिन, दोन सीट, २५० अश्वशक्तीच्या घरातलं दोन लिटरचं टर्बो. इंजिन मात्र रेनोचं. डीसी प्रकरणात पुढे पोलीस आणि न्यायालयही आले. तो वेगळा विषय आहे. गाडीपुरतं बोलायचं तर पाठ टेकायला साधी गाडी नाही, म्हणजे इंजिन उसनं, दुकानांचं जाळं नाही, आणि प्रत्येक दोष पहिल्या गिऱ्हाइकाच्या खर्चाने सापडणार. टाटांनी २०१७ च्या मार्च महिन्यात जिनिव्हाच्या प्रदर्शनात टॅमो रेसमो मांडली होती: १९० पीएस, सहा सेकंदांच्या आत शंभर. लोकांनी ती डोक्यावर घेतली. काही महिन्यांतच टाटांनी खर्चाकडे पाहून ती बासनात बांधली. कंपनीकडे पैसा, कारखाने, अभियंते सगळं होतं. रेसमोच्या खाली ठेवायला तशी रोजची गाडी नव्हती, एवढंच.

पैसेवाल्यांच्या गाड्या तरी सुटतात का? अमेरिकेतल्या डॉज वायपरची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ८.४ लिटरचं व्ही-टेन इंजिन, बुटकी, रुंद, अंगावर येणारी गाडी. अपघातात माणूस खिडकीतून बाहेर फेकला जाऊ नये म्हणून बाजूला पडद्यासारखी एअरबॅग हवी, असा नियम तिथे आला. वायपरचं छत इतकं खाली की ती एअरबॅग बसवायला जागाच नाही. छत वर घ्यायचं म्हणजे नवी गाडीच काढायची. २०१७ मध्ये वायपर थांबली आणि डेट्रॉइटचा तो छोटा कारखानाही बंद झाला. निसानची जीटी-आर, जिचं इंजिन जपानमधले मोजके कारागीर हाताने जुळवत, २००७ पासून चालली. ऑस्ट्रेलियातून ती २०२१ मध्ये गेली, बाजूच्या धडकेच्या नियमामुळे. युरोपातून २०२२ मध्ये, आवाजाच्या नियमामुळे. ऑगस्ट २०२५ मध्ये शेवटची गाडी कारखान्याबाहेर पडली. अठरा वर्षांत एकूण सुमारे ४८,००० गाड्या. पोर्शच्या पेट्रोलवरच्या ७१८ बॉक्स्टर आणि केमनला तर युरोपियन संघाच्या बाजारातून २०२४ च्या जुलैत जावं लागलं ते सायबर सुरक्षेच्या नियमामुळे. गाडीतल्या संगणकाची जुनी रचना नव्या अटींत बसत नव्हती आणि तेवढ्यासाठी सगळी वायरिंग बदलणं परवडत नव्हतं. पुंटोला जे धुराने केलं, ते पोर्शला संगणकाने केलं. रक्कम वेगळी, भागाकार तोच.

वायपर आणि जीटी-आर यांच्या कथेतून एक उपकथानक निघतं. मोठी कंपनी अशी गाडी तोट्यातही चालू ठेवते, कारण तिच्या नावाने साधी गाडी विकली जाते. दुकानात लाल गाडी पाहायला आलेला माणूस पांढरी घेऊन जातो. पण हे चालायला दुकानात पांढरी गाडी हवी. आपल्याकडे फियाटने २००१ मध्ये पॅलिओ आणली तेव्हा हे छान जमलं होतं. गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातली, जाहिरातीत सचिन तेंडुलकर, आणि १.६ लिटरच्या १०० अश्वशक्तीच्या जीटीएक्सची ‘एस-टेन’ ही ५०० गाड्यांची आवृत्ती त्याच्या सहीची. तेव्हा लोक एस-टेन बघायला जात आणि १.२ लिटरची पॅलिओ घेत. २०१५ मध्ये अबार्थ बघायला गेलेला माणूस साधी पुंटो घेईना. तो शेजारच्या दुकानात जाऊन क्रेटा घेई.

आज भारतात वेगवान हॅचबॅक किंवा सेडान हवीच असेल, तर ती बहुधा बोटीतून येते. परदेशात मान्यता असलेलं मॉडेल इथे पुन्हा सगळ्या चाचण्या न करता वर्षाला २,५०० पर्यंत आणता येतं, अशी सवलत २०१८ पासून आहे. या सवलतीने तो चाचण्यांच्या खर्चाचा भागाकारच टळतो. म्हणून स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २०२० मध्ये २०० गाड्यांपुरती आली आणि संपली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा आली, फक्त १०० गाड्या, किंमत जवळपास ५० लाख, आणि सगळ्या विकल्या गेल्या. त्याच स्कोडाच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातल्या कारखान्यात एके काळी पहिली ऑक्टाव्हिया आरएस जुळवली जात होती, मध्यमवर्गीय डॉक्टर-वकिलाच्या आवाक्यातली. मागणी मेली नाही. ती दहा-पंधरा लाखांच्या मजल्यावरून पन्नास लाखांच्या मजल्यावर गेली, आणि जिन्यात बरीच माणसं मागे राहिली.

मागे राहिलेल्यांचा आसरा म्हणजे जुना बाजार. एमएच-०७ पासिंगची असो की पुण्याची, जुनी अबार्थ घ्यायची असेल तर एक गोष्ट आधी तपासून घ्यावी. दार, काच, दिवे, खिडकीचा स्विच, असे पुंटो आणि फियाटच्याच लिनियाशी सामाईक असलेले भाग शोधले तर भंगार बाजारात किंवा जुन्या पुरवठादाराकडे मिळतात, कारण त्या गाड्या हजारोंनी विकल्या गेल्या आणि अजून चालतात. फक्त अबार्थपुरते बनलेले भाग, खाली बसवलेलं सस्पेन्शन, विंचवाची अलॉय चाकं, यांचा दुष्काळ आहे. सौदा ठरवताना मालक गाडी पळवून दाखवील. खाली वाकून स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर पाहायला विसरू नये.